रुमालाखाली धरलेला हात

आप्पा, काल तुझं तेरावं झालं. पंगती उठल्या, भावकी आपापल्या गावी गेली, तुझ्या घरी वैनीनं अंगण सारवून घेतलं. आज मी अडतीचं दार आतून लावून लिहायला बसलो आहे. लिहायला बसलं की माझी भाषा धुतलेलं धोतर नेसून येते, त्यावर तू लई हसायचास. आत्ता असतास तर म्हणाला असतास, "दादू, तोंडानं बोल की रं. लिवतोस कशापायी?" तोंडानं बोललो असतो. पण तू भर बाजारात, तुझा हात माझ्या हातात असताना कोसळलास, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेलास. आता बोलणार कुणाशी?

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी बोलेन, नाही असं नाही. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मला आधी संशय येतो, मागून माया येते. देवानं प्रसाद दिला तरी दादू तो उलटा करून बघतो, असं तू चारचौघांत सांगायचास. तर आत्ताही मी आधी संशयाचंच विचारतो. त्या दिवशी रुमालाखाली तू माझी पाचही बोटं एकदम धरलीस. तो भाव होता का, आप्पा? का दुसरंच काही होतं? एवढं एक सांगून गेला असतास तर मी तुझ्याकडं आणखी काही मागितलं नसतं.

तुला काय सांगायचं म्हणा, पण हे उद्या कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहितो. निपाणीच्या पेठेत तंबाखूचा भाव तोंडानं होत नाही. शेतकऱ्याचे बोद, म्हणजे तंबाखूनं भरलेली मोठी पोती, अडतीपुढं मांडलेले असतात. शेतकऱ्याच्या वतीनं अडत्या, म्हणजे मी, आणि वखारवाल्याच्या वतीनं खरेदीदार, म्हणजे तू, असे दोघं समोरासमोर बसतो. हातांवर रुमाल टाकायचा. रुमालाखाली खरेदीदारानं अडत्याची बोटं धरायची. जितकी बोटं तितका भाव. पटलं तर रुमाल उचलून भाव पुकारायचा, नाही पटलं तर हात झटकायचा. भोवती ही गर्दी, पण आत काय चाललंय ते दोघांनाच माहीत. आता म्हणे सरकार ही पद्धत बंद करणार आहे, लबाडीला वाव आहे म्हणून. वाव आहेच. लबाडी नसती तर आपल्यासारख्यांना बसवून कुणी पगार आणि अडत कशाला दिली असती?

माझ्या वडलांनी मला या धंद्यात बसवलं तेव्हा एकच विद्या दिली. म्हणाले, "समोरच्यानं बोटं धरली की तुजा अंगठा हळूच त्येच्या मनगटावर ठिव. भाव बोटांत आसतो, खोट मनगटात." माणूस दोन बोटं धरतो, पण त्याच्या मनात तीन असली की नाडी उड्या मारायला लागते. तिथं अडत्यानं अडून बसायचं. या विद्येवर मी कितीतरी खरेदीदारांना घाम फोडला. एकट्या तुझ्यापुढं ती चालायची नाही. तुझी नाडी कायम सरळ. मनात चार बोटं ठेवून दोन धरून बसलेला असायचास, तरी मनगट शांत. मला वाटायचं, किती निर्ढावलेला माणूस आहे हा. मग संध्याकाळी तूच हाक मारायचास, "चल रं, भजी खाऊ." दिवसभर एकमेकांचा गळा धरायचा आणि संध्याकाळी एका कागदावर भजी खायची, असं आपलं अर्धं आयुष्य गेलं. तेव्हाही मी बघायचो, मोठं भजं तू उचलतोस का मी. तू नेहमी बारकं उचलायचास. त्याचाही मला संशय यायचा.

मग एका हंगामात तुझं मनगट बिघडलं.

चिकोडीकडचा माल होता, चैत्राचं ऊन होतं. तू माझी बोटं धरलीस, मी अंगठा ठेवला आणि चमकलो. एक ठोका जोरात. मग काहीच नाही. मग दोन घाईघाईनं, एकाला एक चिकटून. परत रिकामं. परत एक धाडकन. मनात म्हटलं, सापडला. एवढ्या वर्षांनी आप्पा सापडला. मी हात झटकला, तू परत धरलास, मी परत झटकला. शेवटी तू वैतागून एक बोट वाढवलंस आणि रुमाल उचललास. माझी खात्रीच पटली. त्या दिवशी सकाळपासून तुझं डोकं ठणकत होतं आणि तुला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, हे मला लई उशिरा कळलं.

पुढं मी तुला परीक्षाच लावली. रुमालाखाली हात असताना विचारायचो, "काल काय जेवलास रं?" तू म्हणायचास, "पिठलं." अंगठ्याखाली नाडी अडखळायची. मी मनात म्हणायचो, पिठल्यातसुद्धा खोटं? "पोरगी कशी हाय सासरी?" "बरी हाय." परत अडखळली. महिनाभरात माझं असं झालं, की तू 'आज ऊन लई हाय' म्हणालास तरी मी वर बघून खात्री करून घ्यायचो.

आणि एकदा संशयाचं बी पडलं की त्याला पाणी घालायला माणसं लागत नाहीत. तू कोपरी सोडून लांब बाह्यांचा सदरा घालायला लागलास, मनगटावर गच्च बटणं लावून. ऐन उन्हाळ्यात. खरेदीदार म्हणजे चिमूटभर तंबाखू दाढेत धरून मालाची जात सांगणारा माणूस, आणि तू नुसता वास घेऊन पान खाली ठेवायला लागलास. माझ्या घरी जेवायला आलास तर ताटातलं लोणचं बाजूला सारलंस, आमटीला हात लावला नाहीस, कोरड्या भाकरीबरोबर दही खाल्लंस. माझ्या बायकोनं विचारलं, "काय चुकलं काय भावजी?" तू म्हणालास, "न्हाय ग वैनी, भूक न्हाय." तुला भूक नाही? जत्रेत तूच म्हणायचास ना की भुकेला लाज नसावी? आपल्याकडं ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी लबाडी करत नाहीत. मी म्हटलं, बघ, लबाडी करायची आहे म्हणून हा माझं मीठच टाळतोय. इतकं सरळ गणित मला दुसरं कुठलं सुचलं नव्हतं.

त्यात तुझ्या बेळगावच्या फेऱ्या. मंगळवार आला की तू सर्व्हिस मोटारीत. एक दिवस तुझी बायको, आमची वैनी, माझ्या दारात आली. पदर नीट करून म्हणाली, "भावजी, एक इचारू? ह्ये शहापूरला कुनाकडं जात्यात?"

मी म्हटलं, "शहापूरला?"

"इणकरांकडं जातो म्हनत्यात. पोरीला लुगडं आनायचं हाय म्हनं. चार डाव गेलं, लुगड्याचा दोरा बी घरात आला न्हाय."

ती रडली नाही, पण खालच्या मानेनं उभी राहिली. तिच्या मनात कुणी बाई होती. माझ्या मनात बेळगावचा व्यापारी होता. तू माल परस्पर तिकडं वळवतोस, आम्हा अडत्यांना डावलून, असं मला दिसायला लागलं होतं. खरं सांगतो आप्पा, दोहोंपैकी माझा संशय मला जास्त भयंकर वाटला. बाई असती तर मी तुला माफ केलं असतं.

पुढच्या मंगळवारी मीही तोंडावर उपरणं ओढून तुझ्याच मोटारीत मागं बसलो. बेळगावात उतरून तू शहापूरच्या वाटेला लागलाच नाहीस. कॅम्पाकडं वळलास. मधेच एका झाडाखाली थांबलास, छातीवर हात ठेवून उभा राहिलास, परत चाललास. मी लांबून बघत होतो आणि म्हणत होतो, कुणाची वाट बघतोय हा. मग एका डॉक्टरच्या माडीचा जिना चढलास. मी खाली उभा राहिलो. व्यापारी येईल म्हणून वाट बघितली. कुणी आलं नाही. तेव्हा मी म्हटलं, तो आधीच वर बसला असेल, आणि चपला हातात घेऊन जिना चढलो.

आत तू सदरा काढून बसला होतास. दंडाला रबरी कापड गुंडाळलेलं, समोर काचेच्या नळीत पारा. डॉक्टर हातातला फुगा दाबत होता. तू माझ्याकडं बघितलंस, जरासुद्धा दचकला नाहीस. म्हणालास, "ये. आलाच हाईस तर बस. चपला ठिव खाली."

डॉक्टर म्हणाला, "हे कोण?"

तू म्हणालास, "ह्ये माजं मनगट वाचणारं."

तिथं पहिल्यांदा मी ऐकलं की रक्तालाही दाब असतो आणि तो मोजता येतो. विश्वास ठेवायला मी काय खुळा होतो? बाजारातला एक तराजू मी बिनखोटीचा बघितलेला नाही. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ह्ये कापड जरा माज्या दंडाला लावा." त्यानं लावलं. पारा कमी चढला. म्हटलं, "आता परत त्येच्या." तुझा परत वर गेला. मग मी दारातल्या शिपायालाही बसवायला लावलं. डॉक्टर भला माणूस, त्यानं तेही केलं. शिपायाचाही कमीच. तू पोट धरून हसत होतास आणि तुझं तोंड लालबुंद झालं होतं. ते लाल तोंड बघून सगळी पेठ म्हणायची, आप्पाला काय धाड भरलीय, तब्येत बघा कशी टुमटुमीत.

डॉक्टरनं मला समजावलं. तुला आधीच सांगितलेलं होतं, पण तू परत लक्ष देऊन ऐकलंस, ते मी बघितलं. म्हणाला, "यांच्या रक्ताच्या नळ्या घट्ट झाल्यात. त्यांच्यातून रक्त पुढं ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं असा जोर लावून हृदयाच्या भिंती जाड होतात, हमालाच्या दंडासारख्या."

तू म्हणालास, "मग बरंच की."

"हमालाचा दंड जाड झाला तर चालतो. हृदय जाड झालं की ताठ होतं. ठोका दिल्यावर त्यानं सैल पडून आत रक्त घ्यायचं असतं, ते त्याला जमत नाही. मग मागं रक्त तुंबतं आणि वरचा कप्पा ताणून फुगतो. आणि ठोका कधी द्यायचा, तो हुकूम त्याच वरच्या कप्प्यातून निघतो. कप्पा ताणला की हुकूम एका जागेवरून निघायच्या ऐवजी जागोजागून निघायला लागतात. खालच्यानं कुणाचं ऐकायचं? तो मिळेल तसा ठोका देतो. एक जोरात, दोन घाईत, मधे काही नाही."

हे 'एक जोरात, दोन घाईत' माझ्या अंगठ्याला पाठ होतं.

मग त्यानं मला तुझं मनगट धरायला सांगितलं. स्वतः कानांत नळ्या घालून तुझ्या छातीवर चकती ठेवली. म्हणाला, "मला ठोका ऐकू आला की मी 'हं' म्हणतो. तुम्हाला लागतो का बघा." त्यानं सुरू केलं. हं. लागला. हं. लागला. हं, हं. एकच लागला. हं. काहीच नाही. तो म्हणाला, "काही ठोके इतक्या घाईचे असतात की आत रक्त भरायच्या आधीच पडतात. ते छातीत वाजतात, पण मनगटापर्यंत पोचत नाहीत."

म्हणजे तुझं काळीज जेवढं बोलत होतं, तेवढं तुझं मनगट मला सांगतच नव्हतं. माझ्या वडलांची विद्या मनगटावर संपत होती. आणि तरी तुला सांगतो आप्पा, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात काय आलं असेल? हा डॉक्टर मुद्दाम एखादं 'हं' जास्तीचं म्हणत असेल.

निघताना त्यानं बजावलं. मीठ नाही, तंबाखू नाही, उन्हातान्हात बसून भावाची हमरीतुमरी तर अजिबात नाही. दिलेले थेंब नेमानं घ्या. "वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो," तो म्हणाला. "तिथं रक्त साचतं आणि साचलेलं गोठतं. गोठलेली गाठ सुटून डोक्यात गेली तर हात, पाय, वाचा, काहीही जाईल." तू सदऱ्याची बटणं लावत होतास.

परतीच्या मोटारीत आपण जे भांडलो ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, "मला सांगायला काय झालं हुतं?" तू खिडकीतून बाहेर बघत राहिलास. मग म्हणालास, "वखारीच्या दिवाणजीला कळलं तर उद्या माज्या जागी दुसरा बसंल. आजारी खरेदीदार कोन ठिवतंय? तुज्या वैनीला कळलं तर ती रडून मरंल."

"आन् मला?"

"तुला?" तू हसलास. "तुला मी लबाड आसलेला परवडतो, दादू. आजारी आसलेला परवडनार न्हाय."

मी रागानं हत्तरगीपर्यंत बोललो नाही. नंतर बोललो ते हेच, की तो पारा मला खरा वाटत नाही. तू म्हणालास, "बरं." त्या 'बरं'चा मला अजून राग येतो. भांडायला आलेल्या माणसाला असं बरं म्हणू नये.

वैनीला तूच परस्पर शहापूरचं एक लुगडं आणून दिलंस आणि तिचं मिटवलंस. मला शपथ घातलीस, म्हणून मी पेठेत कुठं बोललो नाही. पण स्वस्थही बसलो नाही. जांबोटीच्या रानात एक म्हातारा वैद्य मूळ देतो, चढलेलं डोकं उतरतं, असं ऐकलं होतं. गेलो. पार पायाला फोड येईपर्यंत चाललो. त्यानं सर्पगंधेचं मूळ उगाळून घ्यायला सांगितलं. कडूजहर. आता असलं काही तुला थेट कसं देणार? वैद्य कोण, कुठला, आत काय घातलंय, कुणी सांगावं? म्हणून आधी मीच घेऊन बघितलं. माझं नाक चोंदलं, अंग जड झालं, अडतीत बसल्या बसल्या मला डुलक्या यायला लागल्या. म्हटलं, हे विषच आहे, आणि ते तुला दिलं नाही. परवा बेळगावला डॉक्टरकडं तुझं कळवायला गेलो तेव्हा बोलता बोलता मुळाचं सांगितलं. त्यानं मुळाचं नाव परत विचारलं. मग म्हणाला, "त्या मुळानं दाब उतरतो, असं आमच्यातलेही काही जण म्हणतात." आता डॉक्टर हे खरं म्हणाला, की मला आणखी एक टोचणी लावून दिली, ते मी ठरवलेलं नाही.

तू पेठ सोडली नाहीस. मी सोड म्हटलं नाही. तू गेलास तर समोर बसणार कोण, हा माझा स्वार्थ होता, आणि तुझ्या जागी येणाऱ्यावर माझा भरवसा नव्हता. पण त्यानंतर रुमालाखाली मी तुझ्याशी ताणून धरलं नाही, हे तुला कळलं होतं का? एकदा तू हळूच म्हणालास, "दादू, दया नगं दाखवू. भाव दाखीव." म्हणजे कळलं होतं.

आता त्या दिवसाचं. बाळगोंडाचे बोद होते. त्याच्या शेतातला वर्षाचा सगळा माल, पान चांगलं, मी हात घालून तळापर्यंत बघितलं होतं, वाळू नाही, पाणी नाही. बाळगोंडा माझ्या मागं उभा होता. तू आलास, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. बसलास. रुमाल टाकला. तू माझी दोन बोटं धरलीस, मी अंगठा ठेवला. नाडी अशी धावत होती की मला मोजताच येईना. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू बोदांकडं बघत होतास. मी हळूच म्हटलं, "आप्पा, उद्या करू." तू मान हलवलीस, नाही म्हणून. मी हात झटकला. तू परत धरलास, तीन. मग सोडलास. आणि मग माझी पाचही बोटं एकदम मुठीत घेतलीस.

पाच म्हणजे काय भाव झाला असता ते पेठेतल्या पोरालाही कळतं. तू जन्मात पाच दिले नव्हतेस. पाचही बोटं मुठीत गेली की अंगठाही आत जातो, मनगट वाचता येत नाही. मला फक्त तुझ्या हाताचा दाब कळत होता. आणि तो इतका घट्ट होता की माझी हाडं दुखली. मी वाट बघत राहिलो. आता हा रुमाल उचलेल, आता उचलेल. मग मूठ एकदम सैल पडली. मला वाटलं, ही तुझी नवी काहीतरी युक्ती आहे, पाच दाखवून परत घ्यायची. मी तुझा हात सोडला नाही. तसाच धरून बसलो, तू बोलायची वाट बघत. बाळगोंडा ओरडला, "आप्पाचं त्वांड बगा," तेव्हा मी वर बघितलं. तुझं तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि तू माझ्याकडं बघत होतास. बोलायचा लई यत्न केलास. शब्द आला नाही. घरी नेल्यावर रात्रभर तेच, नुसतं बघणं.

सावडून आलो तर अडतीपुढं दिवाणजी आणि बाळगोंडा दोघंही उभे. दिवाणजीनं विचारलं, "आप्पानं काय भाव केला? सौदा झाला का न्हाय?" भोवती माणसं जमली. मी बाळगोंडाचा अडत्या. पाच म्हणणं हा माझा धर्म. तू खरंच पाच दिले असशील, आणि मी नाही म्हटलं, तर तुझा शेवटचा शब्द मी खाल्ला असं होणार. आणि तो भाव नसेल, आणि मी पाच म्हटलं, तर तू मरताना माझा हात धरलास त्याची मी तंबाखू करून विकली असं होणार. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि मी आयुष्यभर लोकांकडं जसं बघितलं तसंच बघत होते.

मी म्हटलं, "सौदा झाला न्हाय."

दिवाणजी हसला. त्याला वाटलं, मी जास्त भावासाठी थांबतोय. बाळगोंडा काळा ठिक्कर पडला. म्हणाला, "किती खाल्लंस वखारीकडनं?" आणि बोद गाडीत भरून दुसऱ्या अडतीवर गेला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं.

काल सगळे गेल्यावर वैनी माझ्यापुढं येऊन बसली. म्हणाली, "भावजी, शेवटाला हात तुमच्याच हातात हुता. काय म्हनालं त्ये?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"पेठंत काय काय बोलत्यात. रुमाल निसटला तवा पाच बोटं मुठीत दिसली म्हनं. भाव सांगिटला?"

"न्हाय वैनी. माजा हात धरला त्यानं."

"मंजे?"

"घाबरला हुता. म्हनून धरला. दुसरं कोन हुतं तितं धरायला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तुझ्यापेक्षा तीच मला जास्त ओळखते. म्हणाली, "तुमाला कशावरनं कळलं?"

"कळलं न्हाय," मी म्हटलं. "मी तसं मानलंय."

ती रडली, आणि मीही रडलो, आप्पा. पुराव्याशिवाय मानलेली ही माझी एवढी एकच गोष्ट आहे. ती खोटी असली तर आता मला सांगू नकोस.